पडताळणीची माणसं

१२ जानेवारी

ठमे,

तुझं अभिनंदन आधी आटपून घेते, कारण पुढे मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तुझी ती मनाचा त्रास मोजणारी मापनी गोदीने घेतली. मुख्य फाटकाशी सूचना लागली आहे, की अपघातानंतर कामावर परतणाऱ्या आणि नव्या नेमलेल्या प्रत्येक क्रेनचालकाची मानसिक चाचणी होणार. तुझ्या दादाने ती सूचना येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून वाचून दाखवली. खाली तुझं नाव नाही, विद्यापीठाचं आहे. पण हा म्हणतो, विद्यापीठ म्हणजे आमची ठमीच.

आणि सगळ्यात पहिली चाचणी त्याचीच झाली. उत्तम आली. सोमवारपासून तो वर जाणार.

हे फोनवर बोलता येत नाही. दोन खोल्यांचं घर, त्यात तो तीन महिने घरीच. मी फोन उचलला की याचे कान टवकारतात. म्हणून पत्र. तूही पत्रच लिही, माझ्या कामावर, दवाखान्याच्या पत्त्यावर. आमचे दातांचे डॉक्टर माझं टपाल उघडत नाहीत, लोकांची तोंडं उघडण्यातच त्यांचा दिवस जातो.

ऑक्टोबरात साखळी सुटून तो लोखंडी पेटारा खाली आला तेव्हा खाली त्याचा जोडीदार उभा होता, हे तुला माहीत आहे. बारा वर्षं एक वर, एक खाली. तुझ्या दादाची चूक नव्हती असं चौकशीत ठरलं. ठरलं ते ठरलं. पण तेव्हापासून तो गच्चीवर कपडे वाळत घालायला जात नाही. गॅलरीच्या कठड्यापाशी येत नाही. परवा दिवा बदलायला स्टुलावर चढला आणि त्याचे गुडघे लटपटताना मी पाहिले. खाली उतरून हसला आणि म्हणाला, स्टूल डगमगतंय. स्टूल चांगलं आहे, मी त्यावर रोज चढते.

मी विचारलं, चाचणीत काय लिहिलंस? म्हणाला, माझ्या बहिणीचे प्रश्न मला तोंडपाठ आहेत, मी चुकेन होय? मला ते हसण्यावारी नेता आलं नाही.

तुझी मापनी म्हणते हा धडधाकट आहे. मी म्हणते हा घाबरलाय. आपल्यापैकी कोणीतरी एक चुकतंय. मी चुकत असले तर फार बरं होईल. तेवढं सांग.

तुझी वहिनी


२५ जानेवारी

वहिनी,

तू भांडणार म्हणालीस म्हणून मी बाह्या सरसावून बसले होते, आणि पाहते तर तू घाबरली आहेस. म्हणून सगळं नीट सांगते.

मापनी म्हणजे मी मनाला येतील ते चाळीस प्रश्न विचारले असं नाही. तुमच्या गोदीतल्या जवळजवळ तीनशे माणसांनी ती भरली. काही मनाच्या त्रासामुळे कामावरून उतरवलेली, बाकीची रोज वर जाणारी. मग मी चिठ्ठ्या टाकून त्या सगळ्यांचे दोन भाग केले. एका भागावर मापनी बेतली. कोणता प्रश्न ठेवायचा, कोणता गाळायचा, किती गुणांना धोका म्हणायचं, ते सगळं तिथे ठरलं. दुसरा भाग बंद करून ठेवला, त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळं ठरल्यावरच तो उघडला, आणि तिथेही मापनीने तेच सांगितलं. आमच्यातले पुष्कळजण एवढंही करत नाहीत. म्हणतात, माणसं मुळात थोडी, त्यातली अर्धी कशाला बाजूला ठेवायची. प्रश्न विचार करून घेतलेत ना, मग वेगळी पडताळणी कशाला हवी. मी अर्ध्या माणसांवर पाणी सोडलं, वहिनी. ते काही गंमत म्हणून नाही.

बाहेरचे एक परीक्षक आहेत, निवृत्त गृहस्थ. त्यांनी मात्र नाक मुरडलं. अहवालावर लिहिलंय, दोन्ही भाग एकाच गोदीतले आणि एकाच वेळचे. एका पातेल्यातलं दोन वाट्यांत वाढलं तर चव तीच लागणार. वेगळ्या ठिकाणची, वेगळी माणसं आणा. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, यांना खुसपट काढल्याशिवाय चैन पडत नाही. वेगळी माणसं गोळा करायला वर्ष जाईल, आणि गोदीला चाचणी आत्ता हवी होती.

घरच्या माणसाला घरच्यांचं जरा जास्तच दिसतं. मला वसतिगृहात सोडायला आला होता तेव्हा दादा बराच वेळ खिडकीची कडी तपासत बसला होता, आठवतं? त्याला भीती वाटली की तो हाताला काम शोधतो. आता त्याचं काम त्याला परत मिळालंय. तू त्याच्या मागे मागे फिरू नकोस, म्हणजे तो आपोआप सावरेल.

ठमी


२० फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला, असं लिहिलं होतं. मग ते खोडलं.

तो वर जातो. वेळेवर जातो, वेळेवर येतो, साहेब लोक खूश आहेत. सकाळी न्हाणीघरात गेला की नळ पूर्ण सोडतो, आणि त्या आवाजाखाली ओकतो. मग तोंड पुसून बाहेर येतो आणि चहा माग‌तो. मी चहा देते. तुझा हुकूम आहे ना, मागे मागे फिरू नकोस.

आमच्या दवाखान्यात एक गंमत असते. रात्रभर कळवळलेला माणूस दाराशी आला की म्हणतो, आता थांबलंय हो दुखायचं, उद्या येऊ का? खुर्ची दिसली की सगळ्यांचेच दात बरे होतात. मी त्यांना हाताला धरून आत नेते. तुझ्या दादाला कुठल्या खुर्चीत नेऊ ते मला कळत नाही.

तू तीनशे माणसांनी मापनी भरली असं लिहिलंस. ती कशी भरली ते तुला कोणी सांगितलंय का? तू गठ्ठे दादाकडे पाठवलेस आणि स्वतः परीक्षांत अडकलीस. अपघाताच्या आधीची गोष्ट, मी त्या दिवशी डबा द्यायला कॅन्टीनमध्ये गेले होते, म्हणून मला पाहायला मिळालं. कोणीतरी पिल्लू सोडलं होतं की हे कागद साहेबांकडे जाणार. त्यामुळे कोणी पेनच उचलेना. एक जण म्हणाला, उंचीवर भीती वाटते का असं विचारलंय, आता थोडी तर वाटतेच, काय लिहू? तेव्हा तुझा दादा बाकावर चढला. म्हणाला, माझ्या बहिणीचं पहिलंच मोठं काम आहे, वेडंवाकडं लिहून तिचं नाक कापू नका, छान लिहा. मग सगळ्यांनी छान लिहिलं. एकमेकांच्या कागदात बघून, नवव्याला काय टाकलंस असं विचारत. हा रांगांमधून फिरत होता आणि ज्याने 'कधीकधी' लिहिलं त्याला ते 'कधीच नाही' करायला लावत होता. तुझ्यावर केवढी माया. मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

आता ते आठवलं की का कोण जाणे, बरं वाटत नाही.

वहिनी


१८ मार्च

वहिनी,

महिनाभर उत्तर दिलं नाही. तुझ्या पत्रातलं कॅन्टीन वाचलं. आधी दोन दिवस तुझाच राग आला, हे आधी का नाही सांगितलं म्हणून. तू का सांगणार होतीस? विचारायला मी हवी होते.

काय झालं ते साध्या शब्दांत सांगते. कामावरून उतरवलेल्या माणसांकडे मी स्वतः गेले होते, एकेकाच्या घरी. त्यांच्यापाशी लपवायला काही उरलंच नव्हतं. भीती होती ती त्यांनी लिहिली. वर जाणाऱ्यांनी कॅन्टीनमध्ये बसून भीती नाही असं लिहिलं. माझ्या आकड्यांत दोन्ही गट इतके लख्ख वेगळे पडले की मी हुरळून गेले. मला वाटलं, मी मनाचा त्रास मोजला. मी मोजलं ते एवढंच, की कोण खरं बोलतं. आणि जो खरं बोलतो त्याला माझी मापनी आजारी ठरवते.

मग तो ढीग मी चिठ्ठ्या टाकून वाटला, तर कॅन्टीनही दोन्हीकडे वाटलं गेलं. खोटं दोन्ही भागांत सारखंच होतं, म्हणून दोन्ही भाग जुळले. त्या जुळण्याचा मला केवढा अभिमान होता, ते तू मागच्या पत्रात वाचलंसच.

सरांना न विचारता मी एका दुसऱ्या गोदीत गेले. तिथे मला कोणी ओळखत नाही. नावाऐवजी मी दिलेला क्रमांक लिहायचा, कागद साहेबांना दिसणार नाही, एकेकाने वेगळ्या खोलीत बसायचं. पन्नासेक जणांनी भरलं. ज्यांच्यावर तिथले लोक डोळे मिटून विसंबतात अशा चालकांतले निम्मे माझ्या मापनीने धोक्यात टाकले, कारण त्यांनी सरळ लिहिलं की हो, वर कधीकधी पोटात गोळा येतो. आणि ज्याचे गुण सगळ्यात चांगले आले तो कागद देऊन दाराशी घुटमळला आणि मला हळूच म्हणाला, बाई, झोप न येण्यावर औषध कुठे मिळतं?

तू बरोबर होतीस. दादाला खाली उतरव.

हे सरांना दाखवलं. ते म्हणाले, पन्नास माणसांवरून विद्यापीठाची मापनी मागे घेता येत नाही. एप्रिलअखेर समितीची बैठक आहे, तिथे मांडू, तोवर गोदीत अक्षर बोलायचं नाही. तेव्हा तूही कोणाला बोलू नकोस. फक्त दादाला थांबव.

ठमी


२६ मार्च

ठमे,

तुझं पत्र कामाच्या मध्येच वाचलं आणि डॉक्टरांच्या हातात भलताच चिमटा दिला.

फक्त दादाला थांबव म्हणतेस. आणि बाकीचे? त्याच्यानंतर आणखी काही जणांची चाचणी झाली. सगळे उत्तम. एक तेवढा नापास झाला. अपघात स्वप्नात येतो असं त्याने सरळ लिहिलं होतं. त्याला गोदामात पोती मोजायला बसवलंय आणि सगळे त्याला येडा म्हणतात. त्याच्याकडे बघून आता कोण खरं लिहील?

तुझ्या दादाला मी कोणत्या तोंडाने खाली उतर म्हणू? मापनी चुकली म्हणून, तर ते बोलायचं नाही. तू आजारी आहेस म्हणून, तर मापनी म्हणते तो आजारी नाही. मला बरी बांधून ठेवलीस. मला तुझा राग आलाय आणि तो मी लपवत नाही, आपल्या घरात लपवणारी माणसं पुरेशी आहेत.

म्हणून मी तुझं पत्र त्याच्याच हातात दिलं. त्याने ते सावकाश वाचलं. घडी घातली. मग मला विचारलं, हिची नोकरी जाईल का गं?

वहिनी


२ एप्रिल

ठमे,

तुम्ही दोघी दातांच्या दवाखान्यात बसून माझ्याविरुद्ध कट शिजवत होता, हे मला आत्ता कळलं. शाबास.

मला तुझ्या आकड्यांतलं कळत नाही. एवढं कळलं की मी बाकावर चढलो ते तुला महागात पडलं. मला वाटलं, शाळेत जसे जास्त मार्क म्हणजे चांगलं, तसंच हे. खरं लिहायचं आहे हे डोक्यात शिरलं असतं तर खरं लिहायला लावलं असतं. पोरांनी माझं ऐकलंच असतं.

आता माझं ऐक. मी उद्या खाली उतरलो तर साहेब विचारणार, का रे बाबा, तू तर उत्तम होतास. मी म्हणणार, खोटं लिहिलं होतं. मग ते म्हणणार, खोटं लिहून पास होता येतं तर ही चाचणी कसली? ते तुझ्या सरांना धरणार आणि सर तुझ्याकडे बोट दाखवणार. बैठकीत तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस तर प्रामाणिक ठरशील. त्याआधी माझ्यामुळे उघडं पडलं तर चोर ठरशील. म्हणून बैठक होईपर्यंत मी वर जातो. थोड्या आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

भीती वाटते का विचारशील, तर वाटते. वर केबिनमध्ये नाही वाटत, तिथे हात आपोआप चालतात. शिडीवर वाटते. मधल्या टप्प्यावर आलो की खाली तो, माझा जोडीदार, उभा दिसतो, नेहमीसारखा वर बघत, हात करत. मग मी शिडीला मिठी मारतो आणि डोळे मिटतो. तो गेला की पुढे चढतो. जातो तो, रोज जातो. जिवंत होता तेव्हा त्याने मला कधी त्रास दिला नाही, आताही देत नाही. हे तुझ्या चाळीस प्रश्नांत कुठे नव्हतं, नाहीतर लिहिलं असतं.

वहिनीला यातलं सांगू नकोस. तिला नळाचं ठाऊक आहे, तेवढं पुरे.

जेवत जा वेळेवर. मागच्या वेळी फार वाळलेली दिसलीस.

दादा


९ एप्रिल

दादा,

उतर. मी चोर ठरले तर ठरू दे. नोकरी गेली तर मी तुझ्या दोन खोल्यांत येऊन राहीन आणि वहिनीचं डोकं खाईन. पण तू त्या शिडीवर पाय ठेवू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी गोदीला लिहायला बसले. मापनी वापरणं थांबवा, एवढंच, एक पान. पण विद्यापीठाच्या शिक्क्याशिवाय तो कागद गोदी मानणार नाही, आणि शिक्का सरांच्या कपाटात आहे. सर दौऱ्यावर आहेत, वीस तारखेला येतील. आले की त्यांच्या दारात बसून सही घेते. मग नाही म्हणू देत कोणाला.

तोवर दात दुखतो म्हण. वहिनी डॉक्टरांकडून चिठ्ठी आणेल. दातासाठी कोणी कोणाला वेडा म्हणत नाही.

शिडीवर तुला तो दिसतो हे मी वहिनीला सांगितलेलं नाही, तू नको म्हणालास म्हणून. मला वाटतं आपण दोघेही चूक करतोय. तूच सांग तिला. आज सांग.

ठमी


६ मे

ठमे,

तू आलीस, आठवडाभर राहिलीस, भांडी घासलीस, आल्यागेल्याला पाणी दिलंस. आणि आपण दोघींनी मापनी हा शब्द तोंडातून काढला नाही. तू गेल्यावर वाटलं, बोलायला हवं होतं. म्हणून परत पत्र. आता घरात ऐकायला कोणी नाही, फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर मी रडले असते आणि मुद्दा राहिला असता.

तुझं शेवटचं पत्र त्याला मिळालं होतं. दाताची चिठ्ठीही मी आणून ठेवली होती. तो म्हणाला, वीसला तिचे सर येणार, मग मीही वीसपासूनच रजा टाकतो, दोन्ही एकदम होऊन जाईल. अठराला शिडीवरून पडून गेला. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. कदाचित टोचावं म्हणूनच लिहीत असेन, मला माझं नक्की कळत नाही.

खालच्या माणसांनी मला सांगितलं, तो शिडीच्या मधल्या टप्प्यावर बराच वेळ मिठी मारून उभा होता. त्यांना वाटलं, दम खातोय. मग त्याने एक हात सोडला आणि खाली कोणालातरी हात केला. खाली त्या बाजूला कोणीच नव्हतं. असं का केलं असेल, मला कळत नाही. ते सांगत होते तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं, आणि तुला कळलंय असं मला वाटलं. मी विचारलं नाही. कधीतरी विचारेन, तेव्हा सांग.

परवा चौकशी झाली. लांब टेबल, पलीकडे साहेब लोक, कडेला एक लिहून घेणारा. शिडीचं विचारलं, वाऱ्याचं विचारलं, त्याच्या बुटांचं विचारलं. प्रत्येक उत्तर लिहून घेतलं. मग मोठ्या साहेबांनी तुझा अहवाल उघडला आणि वाचून दाखवलं की चालकाची मनःस्थिती उत्तम होती, आणि चाचणी दोन स्वतंत्र भागांवर पडताळलेली आहे. म्हणजे मनाचा प्रश्न मिटला, असं ते म्हणाले. तरी पद्धत म्हणून मला विचारलं, तुमच्या मिस्टरांना काही त्रास होता का?

मी म्हटलं, होता. तो घाबरत होता. स्टुलावर चढला तर त्याचे गुडघे लटपटायचे, आणि कामावर जायच्या आधी रोज नळ सोडून ओकायचा. माझ्या नवऱ्याबद्दल मी भर बैठकीत असं बोलले. त्याला कळलं असतं तर तो माझ्याशी आठवडाभर बोलला नसता.

लिहून घेणाऱ्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब वाईट माणूस नाहीत. फार सौजन्याने म्हणाले, बाई, तुमचं दुःख आम्हाला समजतं, पण मापनात तसं आलेलं नाही. लिहून घेणाऱ्याने पेन खाली ठेवलं.

तुझी समितीची बैठक पुढे ढकलली, असं तू जाताना पुटपुटलीस. शिक्काही अजून नाही. तो मिळो की न मिळो. इथल्या चौकशीची पुढची तारीख चौदा मे आहे. त्याच्या क्रेनवर नवा माणूस नेमलाय आणि त्याची चाचणी उत्तम आली आहे.

माझं ते लिहून घेत नाहीत. तुझं लिहून घेतील. ये.

वहिनी